गाडी मधातच बंद पडायची : डिझेल पंपाचा फॉल्ट शोधताना गेलेले पाच आठवडे

माझी एक चौदा फुटी मालवाहू गाडी आहे, २०१८ ची, बीएस-४, बारा व्होल्टची. वरुड-मोर्शी पट्ट्यातला संत्रा नागपूरला कळमन्याच्या बाजारात नेतो, बाकीच्या दिवसांत कापूस, तूर, खताच्या चुंगड्या, जे भाडं भेटेल ते. गाडीचे हप्ते २०२३ मध्येच संपले, म्हणून २०२४ च्या मृग बहारात (संत्र्याच्या फेब्रुवारी-मार्चच्या तोडणीत) दोन पैसे हाती राहतील असा हिशोब होता. त्याच सीझनमध्ये गाडीनं त्रास देणं चालू केलं आणि तो त्रास असा की दाखवायला नेली की गाडी एकदम चांगली. ज्यांची गाडी अशी अधूनमधून बंद पडते आणि परत आपोआप चालू होते त्यांच्यासाठी हे तारखेवार लिहून राहिलो, कारण त्या पाच आठवड्यांत मला असं लिहिलेलं कुठं भेटलं नव्हतं.

पहिल्यांदा झालं ते ९ फेब्रुवारी, शुक्रवार. कळमन्यात माल उतरवून रिकामे कॅरेट घेऊन परत येत होतो, काटोल सोडल्यावर दुपारी साडेबाराच्या सुमारास गाडीनं दोन-तीन झटके मारले, एक्सलेटर दाबला तर पिकअप नाही, आणि चालता चालता बंद. सेल्फ मारला तर इंजिन फिरे पण घेत नव्हतं. बाभळीखाली लावली, बोनेट उघडलं, पाइप हलवून पाहिले, डिझेलच्या टाकीचं झाकण उघडलं, पाणी पिलो. वीस मिनिटांनी चाबी लावली तर एका झटक्यात चालू. घरापर्यंत काहीच नाही. मी मनात म्हटलं डिझेलच्या लाइननं एअर धरली असेल.

१४ तारखेला परत तसंच. यावेळी मी झाकण उघडल्या उघडल्या 'फुस्स' असा आवाज ऐकला आणि थोड्या वेळानं गाडी चालू झाली, तर माझं डोकं तिथंच अडकलं की टाकीचा ब्रीदर, म्हणजे टाकीत हवा जायचं बारीक भोक, चोक आहे, आतमध्ये व्हॅक्युम होते आणि डिझेल ओढल्या जात नाही. असं खरंच होते बरं, ब्रीदर बंद असला तर तास-दीड तास चालून गाडी बंद पडते आणि झाकण उघडलं की चालते. म्हणून पुढच्या काही ट्रिपा झाकण ढिलं ठेवून त्यावर फडकं बांधून मारल्या.

सोबतच गावातल्या मिस्त्रीकडे गेलो. तो म्हणे, "भाऊ, पह्यले फिल्टर बदलवून टाकू, मंग बाकीचं पाहू." दोन्ही फिल्टर १,४५० रुपये, त्याची मजुरी ३००. त्यानं वॉटर सेपरेटरचा (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्याचा) खालचा स्क्रू ढिला करून निघालेलं डिझेल काचेच्या बाटलीत घेतलं आणि रात्रभर ठेवायला सांगितलं. सकाळी बाटलीच्या बुडाशी बोटभरही नाही, जेमतेम नखाएवढं पाणी होतं, वर डिझेल साफ. हे काम घरीच करता येते, फुकट आहे, आणि पाणी-कचरा आहे का नाही ते डोळ्यानं दिसते, म्हणून पहिले हेच करा.

फिल्टर बदलवल्यावर सहा-सात दिवस गाडी मस्त चालली. मी बाबांना सांगून टाकलं की झालं काम.

२२ फेब्रुवारीची रात्र मी विसरणार नाही. माल मोर्शीकडच्या बागेतला होता, १४० कॅरेट, रात्री नऊला निघालो. जलालखेड्याच्या अलीकडे गाडी बंद. टाकीचं झाकण ढिलंच होतं, म्हणजे ब्रीदरची गोष्ट तिथंच निकालात निघाली, पण हे कळून त्या टायमाला काय फायदा. पंधरा मिनिटं थांबलो, चालू झाली, पाच-सहा किलोमीटर गेलो, परत बंद. तिसऱ्यांदा सेल्फ मारून मारून बॅटरीच बसली. आतेभावाला फोन केला, तो त्याची गाडी घेऊन येईपर्यंत दोन वाजले. मग आतेभाऊ, त्याचा क्लीनर, मी आणि माझा लहान भाऊ, चौघांनी मोबाइलच्या टॉर्चमध्ये एकेक कॅरेट हातोहात या गाडीतून त्या गाडीत टाकला. सगळीकडे संत्र्याचा वास, हात चिकट, आणि मागून येणारे ट्रक आमच्यावर लाइट मारून जात होते. कळमन्यात पोहोचलो तोवर साडेदहा वाजले होते, सकाळचा लिलाव आटोपत आला होता. भाव पडून भेटला, बागवाल्यानं माझ्या भाड्यातून ४,००० कापले आणि ते बरोबरच होतं, त्याचा माल मी वेळेवर पोहोचवू शकलो नाही. आतेभावाला डिझेलचे म्हणून ३,५०० दिले, तो घेत नव्हता.

बाबा दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "इकून टाक तिले." मला रात्रभर झोप नव्हती, काही बोललो नाही.

त्या दिवसापासून मी एक काम चांगलं केलं, वही ठेवली. शाळेची दोनशे पानी वही, तिच्यात तारीख, कुठं बंद पडली, निघाल्यापासून किती वेळ झाला होता, माल होता का रिकामी, टाकीत किती डिझेल, किती मिनिटांनी परत चालू झाली. पाच-सहा नोंदी झाल्या तेव्हा दिसलं की माल असो नसो, दिवस असो रात्र असो, डिझेल अर्धं असो का फुल, गाडी बंद पडते ती तास-सव्वा तास सलग चालल्यावर, आणि पंधरा-वीस मिनिटांत आपोआप बरी होते. म्हणजे काहीतरी गरम होऊन बिघडते आणि थंड झालं की जुळते. हे माझ्या डोक्यात इतकं साफ वहीमुळेच बसलं.

२७ तारखेला स्कॅनरवाल्याला वरुडला दाखवलं, ६०० रुपये. फॉल्टचा कोड निघाला पी००८७. याचा अर्थ रेलमधलं (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या जाड पाइपातलं) डिझेलचं प्रेशर पाहिजे त्यापेक्षा कमी. तो म्हणे पंप गेला. इथं एक समजून घ्या, या कोडमध्ये 'पंप खराब' असं कुठंच लिहिलेलं नसते. प्रेशर कमी आहे एवढंच तो सांगतो, मग ते फिल्टर चोक असल्यानं असेल, लाइन लीक असेल, सेन्सर चुकीचं सांगत असेल, टाकीतला पंप कमजोर असेल, नाहीतर त्या पंपाला करंटच पुरा भेटत नसेल. माझ्या गाडीत दोन पंप आहेत, एक टाकीच्या आत बसलेला इलेक्ट्रिक पंप, जो डिझेल पुढं ढकलतो, आणि एक इंजिनवरचा हाय प्रेशर पंप. पहिल्यानं दिलंच नाही तर दुसरा काय करणार.

आता फिटनेसचं टेन्शन वेगळंच. गाडी २०१८ ची म्हणून आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी फिटनेस करावं लागते, आणि माझं २६ मार्चला संपत होतं. अमरावतीच्या आरटीओची २० मार्चची तारीख ऑनलाइन घेऊन ठेवली होती, पीयूसी, इन्शुरन्स, स्पीड गव्हर्नरचं सर्टिफिकेट, रिफ्लेक्टर पट्ट्या सगळं तयार होतं, पण चेक इंजिनचा लाइट पेटलेला असताना नव्वद किलोमीटर गाडी नेऊन ट्रॅकवरच बंद पडली तर काय, हाच विचार दिवसभर.

म्हणून ७ मार्चला गाडी अमरावतीला मोठ्या वर्कशॉपमध्ये टाकली. जाताना मोर्शीत सालबर्डीच्या यात्रेची गर्दी, पायी जाणारे लोक, एसट्या भरलेल्या, आणि मी महादेवाला हात जोडून एवढंच मागत होतो की या गर्दीत बंद नको पाडू. नाही पडली. ८ ला महाशिवरात्रीची सुट्टी, ९ ला त्यांनी गाडी पाहिली. तीन वेळा टेस्ट ड्राइव्ह घेतली, प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटांची. मी सुपरवायझर साहेबांना वही दाखवली, म्हटलं साहेब तास-सव्वा तास चालवल्याशिवाय हे होत नाही, पण त्यांच्याकडे तेवढा वेळ नव्हता, मागे गाड्यांची लाइन लागलेली. एस्टिमेट हातात दिलं : टाकीतला पंप १४,८०० अधिक मजुरी, आणि त्यानं नाही जमलं तर हाय प्रेशर पंप, ५८,००० च्या आसपास, अर्धे पैसे ॲडव्हान्स. मी विचारलं, टाकीतला पंप बदलवल्यावर पण गाडी बंद पडली तर? ते म्हणाले इलेक्ट्रिकल पार्ट एकदा बसवला की परत घेतल्या जात नाही.

मी नाही म्हटलं. सोपं नव्हतं ते, कारण १४,८०० देऊन मोकळं व्हावं असंच वाटत होतं. पण पंप खराब आहे हे कोणी दाखवलंच नव्हतं. मी फक्त एवढी विनंती केली की जे मोजलं ते जॉब कार्डवर लिहून द्या. त्यांनी लिहिलं, 'पंप सप्लाय १२.४ व्होल्ट, ओके'. तपासणीचे जीएसटी धरून २,३६० भरले, पक्कं बिल घेतलं. तुम्ही कुठंही गेले तरी रीडिंग कागदावर मागा, आणि पार्ट बदलवलाच तर जुना पार्ट सोबत मागून घ्या. पुढच्या माणसाला तोच कागद कामात येतो. माझ्या बाबतीत तर सगळं कोडं त्या एका ओळीतच सुटलं.

१२ मार्चला ते जॉब कार्ड घेऊन मी वरुडमधल्या एका जुन्या वायरिंगवाल्या काकांकडे गेलो. साठीच्या पुढचे आहेत, टपरीएवढं दुकान, ट्रॅक्टरचे डायनामो आणि सेल्फच करतात जास्त. त्यांनी चष्मा वर करून ती ओळ वाचली आणि विचारलं, "हे कपलर लावून मोजलं का काढून?"

मी म्हटलं, काढून. कपलर म्हणजे पंपाला वायरी जोडणारा प्लग. मी समोरच उभा होतो, पोरानं पंपाचं कपलर काढलं, त्यात मीटरच्या पिना घातल्या आणि १२.४ आलं.

"मंग तं येईनच ना बाप्पा," काका म्हणाले. "रिकामी बंडी कोनताबी गोऱ्हा ओढते. भरलेली ओढते का थे पाय. पंपाले काम करू दे, मंग मोज."

ही गोष्ट मी इथं नीट सांगतो कारण सगळं यातच आहे. मीटर जवळजवळ करंट खातच नाही. वायर किंवा अर्थिंग (करंट बॅटरीच्या मायनसला परत जायचा रस्ता) कितीही गंजलेली असली, एक तार जरी चिकटून असली, तरी कपलर काढून मोजल्यावर मीटर पूर्ण बारा दाखवतो. पंप चालू झाला की त्याला चांगला पाच-सात अँपिअर करंट लागतो, तो त्या गंजलेल्या जोडातून जाताना व्होल्टेज तिथंच खाल्ल्या जाते, जोड गरम होतो, गरम झाला की आणखी खराब होतो, आणि पंपापर्यंत उरतं सात-आठ व्होल्ट. पंप फिरतो पण ढकलत नाही. थांबलं की जोड थंड, सगळं परत ठीक. माझ्या वहीतली प्रत्येक नोंद यात बसत होती. टाकीचं झाकण उघडल्यानं काहीच होत नव्हतं, मी उघडत होतो आणि वाट पाहत होतो, बरं वाट पाहिल्यानं होत होतं.

पण काका म्हणाले की हा पण अंदाजच आहे, गाडी बंद पडताना पकडली पाहिजे. त्यांनी एक साधा बारा व्होल्टचा बल्ब होल्डरमध्ये बसवला, त्याला दोन लांब वायरी जोडल्या, आणि पंपाच्या कपलरच्या मागच्या बाजूनं, कपलर लागलेलंच ठेवून, पंपाच्या दोन्ही वायरींवर त्या जोडून केबिनपर्यंत आणल्या. मधात छोटा फ्यूज. बल्ब डॅशबोर्डवर काळ्या टेपनं चिकटवला. बल्ब, वायर, होल्डर मिळून १८० रुपये. समजावलं असं : गाडी बंद पडताना बल्ब फुल पेटलेला असला तर करंट पोहोचून राहिला, मग पंप नाहीतर डिझेल लाइन पाहायची. बल्ब मंद झाला तर पंपाला हातच लावायचा नाही, वायरिंग पाहायची.

१३ आणि १५ मार्चला दोन ट्रिपा मारल्या, गाडी बंदच पडली नाही. आयुष्यात पहिल्यांदा गाडी बंद पडावी म्हणून मी वाट पाहत होतो. लहान भाऊ बाजूला बसून सारखा बल्बकडे पाहे.

१६ मार्च, शनिवार, दुपारी दोन, काटोलच्या पुढं वरुडकडे येताना तो एकदम म्हणाला, "दादा, पाय!" बल्ब पिवळ्याचा लालसर झाला होता, आतली तार दिसत होती नुसती, जसा खेड्यात संध्याकाळी व्होल्टेज डाऊन झाल्यावर दिसतो तसा. चार-पाच सेकंदांनी झटके लागले आणि गाडी बंद. खरं सांगतो, मला एवढा आनंद झाला की मी भावाला पाठीवर जोरात थाप मारली.

पुढचं काम लवकर करायचं होतं, जोड थंड व्हायच्या आत. इंजिन बंद असलं की गाडीचा कंट्रोलर पंपाचा करंट दोन-तीन सेकंदांत तोडून टाकतो, म्हणून काकांनी आधीच शिकवून ठेवलं होतं : पंपाचा रिले (करंट चालू-बंद करणारी छोटी डबी) काढायचा आणि त्याच्या जागी ३० आणि ८७ नंबरच्या खाचांत फ्यूज असलेली वायर लावायची, म्हणजे पंप सतत फिरतो. नंबर रिलेच्या बुडावर लिहिलेले असतात. दुसऱ्या कुठल्या खाचेत घालू नका. पंपाचा आवाज आला, पण नेहमीचा 'गुंऽऽ' नाही, एकदम दमलेला. मीटर लावला. बॅटरीवर १२.२. पंपाच्या दोन पिनांवर, कपलर लागलेलं, ७.९. बॅटरीच्या प्लसपासून पंपाच्या प्लसपर्यंत ०.२, म्हणजे ती बाजू चांगली. पंपाच्या अर्थच्या पिनेपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ४.१. ते इथं असायला पाहिजे जवळपास शून्य. वहीत लिहिलं तेव्हा हात थरथरत होता.

एक सावधगिरी सांगतो. हे सगळं टाकीकडच्या कमी प्रेशरच्या बाजूचं आणि वायरिंगचं काम आहे. रेल आणि इंजेक्टरकडे जाणारे लोखंडी पाइप चालू इंजिनवर कधीच ढिले करू नका, तिथं हजार बारच्या वर प्रेशर जाते, डिझेलची बारीक धार कातडीतून आत घुसते. जुन्या गाड्यांवर मिस्त्री लोक पाना लावून चेक करत, ती सवय कॉमन रेलवर, म्हणजे अशा रेलवाल्या गाड्यांवर, चालत नाही.

वीस मिनिटांनी गाडी नेहमीसारखी चालू झाली आणि आम्ही हळूहळू वरुडला आलो. दुसऱ्या दिवशी रविवार असूनही काकांनी दुकान उघडलं. गाडीखाली झोपून पंपाची अर्थची वायर धरून धरून मागे गेलो, ती टाकीच्या मागे चेसिसवर एका बोल्टला लागली होती. वरून पाहिलं तर बोल्ट घट्ट, काळा रंग मारलेला, कोणाला शंका येणार नाही. काकांनी खोलला. लगच्या (वायरीच्या टोकाला दाबलेल्या कडीच्या) खाली चेसिसवर जाड रंग तसाच होता, लोखंड दिसतच नव्हतं. बोल्टच्या आट्यांतूनच काय तो करंट जात होता आणि आट्या तपकिरी गंजानं भरलेल्या, लगची कडा हिरवी पडलेली, एका बाजूनं निळसर जळकी.

मग मला आठवलं. दिवाळीच्या आधी मी बॉडीच्या क्रॉसला (खालच्या आडव्या पट्टीला) वेल्डिंग करून पूर्ण चेसिसला रंग मारून घेतला होता. वेल्डिंगसाठी टाकी सरकवली, तेव्हा हा बोल्ट खोलला असणार, आणि रंग झाल्यावर लग रंगाच्या वरच ठेवून कसला. दोन-तीन महिने आट्यांवर चाललं, धुतल्यानं पाणी गेलं, गंज चढला. तुम्ही वेल्डिंग किंवा रंगकाम करून घेतलं असेल तर अर्थिंगचे बोल्ट आठवणीनं खोलून खालचं लोखंड उघडं करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

काकांनी पॉलिश पेपरनं जागा चकचकीत केली, जुना लग कापून नवीन दाबला आणि वर सोल्डर मारला, दातेरी वायसर टाकून कसला, वरून ग्रीस लावलं. शिवाय एक वेगळी जाड वायर पंपाच्या अर्थपासून सरळ बॅटरीच्या मायनसपर्यंत ओढली. सामान २२० रुपये. मजुरी त्यांनी ५०० मागितली, मी ७०० दिले तर २०० परत माझ्या खिशात कोंबले. पंप सतत चालू ठेवून परत मोजलं : पंपावर ११.९, अर्थच्या बाजूनं ०.०५.

स्कॅनरवाल्याकडून कोड पुसून घेतला, २० तारखेला अमरावतीला गाडी नेली, ट्रॅकवर ब्रेक, लाइट, गव्हर्नर सगळं पाहिलं, लाइनमध्ये चार तास गेले पण फिटनेस झालं.

बल्ब मी काढला नाही. फिल्टरच्या वेळी सहा दिवस चालली म्हणून मी 'झालं काम' म्हटलं होतं, ती चूक परत करायची नव्हती. ठरवलं की निदान दहा लांब ट्रिपा आणि एक कडक उन्हाचा महिना जाऊ द्यायचा. वहीत आता प्रत्येक ट्रिपला एकच ओळ, तारीख, किलोमीटर, 'बल्ब फुल'. एप्रिल गेला, मे लागला, दुपारी डांबर पायाला चिकटते असं ऊन, खताच्या गोण्या भरून नागपूरहून सलग अडीच तास गाडी चालवली आणि कुठं झटका नाही. वहीत अठ्ठावीस ओळी झाल्या आहेत. बाबा परवा पहिल्यांदा माझ्यासोबत कळमन्यात आले, पूर्ण रस्ता त्या बल्बकडे पाहत होते, आणि घरी उतरताना म्हणाले, "हा राहू दे इथंच."